लिहिताना बोलायची सवय

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी नगरच्या एका छोट्या प्रकाशकाकडे दहावीच्या गणिताची व्यवसायमाला, म्हणजे सरावाचं पुस्तक, लिहायला लागले. छोटा म्हणजे पुढे दुकान, मागे गोडाऊन आणि वर एक खोली. मालक माझाच जुना विद्यार्थी, त्यामुळे तो मला अजून घाबरतो असा माझा समज होता. मध्यंतरी त्याने पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर तो काळा-पांढरा चौकोन छापायला घेतला. त्यावर मोबाईल धरला की माझा धडा सुरू व्हायचा. त्यासाठी वरच्या खोलीत फळा लावून मला कॅमेऱ्यापुढे उभं केलं.

समोर वर्ग नसताना शिकवायचं कसं, हे मला सुचेना. म्हणून मी आयुष्यभर शिकवलं तसंच शिकवलं. आमचं घर शिक्षकांचं. फळ्यावर लिहायचं ते मोठ्याने म्हणत लिहायचं, ही सवय मला वडिलांकडून लागली. मागच्या बाकावर अक्षर दिसलं नाही तरी आवाज पोचावा, एवढाच त्यातला हेतू. ‘त्रिकोण ओएपी आणि त्रिकोण ओबीपी यांत, बाजू ओए बरोबर बाजू ओबी, एकाच वर्तुळाच्या त्रिज्या.’ मग वळायचं, ‘कळलं का?’ विचारायचं आणि थांबायचं. त्या रिकाम्या खोलीतही मी थांबत होते. कॅमेरा धरणारी मुलगी पहिले काही दिवस बिचारी ‘हो’ म्हणायची.

पुढे मालकाने मला संगणकावर एक आलेख दाखवला. धडा बघणारे कुठे थांबतात, कुठून मागे जातात, कुठे कंटाळून निघून जातात, सगळं त्यात दिसत होतं. मी तर खुळीच झाले. इतकी वर्षं वर्गात कोण खिडकीबाहेर बघतंय हे मानेवरूनच ओळखत आले, आणि इथे न बघता कळत होतं. रोज दुपारी जाऊन मी तो आलेख बघत बसायचे. चहा गार व्हायचा.

‘बाई, तुम्ही “कळलं का” म्हणून थांबता ना, तिथे पोरं पळतात,’ मालक म्हणाला.

‘पळू देत. थांबल्याशिवाय डोक्यात कसं जाईल?’

‘थांबायचं असेल तर ती थांबवतील की. बटण आहे.’

मग धडे नव्याने केले. वर्तुळ आपोआप उमटायचं, स्पर्शिका निळ्या रंगात सरकत यायची, पायऱ्या एकेक करून पडद्यावर उतरायच्या. मी फक्त ‘आता हे पाहा’ आणि ‘म्हणून हे दोन्ही समान’ एवढंच बोलायचं. खरं सांगते, मला ते फार आवडलं. जन्मभर सुतळीला खडू बांधून वर्तुळं काढली, त्यातलं एकही इतकं गोल आलं नव्हतं. पोरंही शेवटपर्यंत बघू लागली. जुने धडे काढून टाकले.

महिनाभरात दुकानाच्या मोबाईलवर एका बाईचा आवाजी निरोप आला. मालकाने तो मला ऐकवला.

‘बाई, तुमचा जुना धडा कुटं गेला? नव्यात तुमी बोलतच न्हाई. नुसतं हे पाहा, हे पाहा. मी काय पाहू? माजे हात धारंत असत्यात.’

मी तिला फोन लावला. काष्टीजवळच्या वस्तीवर तिचं घर, दावणीला पाच गायी. नववीतून शाळा सुटली, लग्न झालं. आता बाहेरून दहावीला बसली होती. बाकीचे विषय निघाले, गणित राहिलं. गावातल्या दूध संकलन केंद्रावर एक जागा व्हायची होती आणि तिथे दहावी पास लागत होती. अभ्यासाला वेळ एकच, सकाळ-संध्याकाळची धार. मोबाईल पिशवीत घालून खुंटीला टांगायचा आणि ऐकायचं. बटण दाबायला हात मोकळा नसायचा, म्हणून मी थांबायचे तेवढ्यात ती पायरी मनात म्हणून घ्यायची.

धडा ऐकणारंही कुणी असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आलेखात पळालेले दिसत होते, ही कुठे दिसली नव्हती. मी तडक मालकाकडे गेले आणि जुन्या धड्यांचे नुसते आवाज काढून द्यायला लावले. तो कुरकुरला, पण दिले. मी ते एकेक करून तिला व्हॉट्सअॅपवर पाठवले. मनातून फुगले होते, ते कशाला लपवू? संगणकाच्या गोल गोल वर्तुळापुढे आमच्या घरची सवय जिंकली होती.

परीक्षा जवळ आल्यावर मला राहवेना. माझा आवाज गोठ्यात कसा लागत असेल, ती कशी म्हणत असेल, हे बघायचंच होतं. एका दुपारी एसटीने काष्टीला गेले. ती स्टँडवर स्कूटी घेऊन आली होती. वयाने माझ्या धाकट्या सुनेएवढी. मला मागे बसवून वस्तीवर नेलं, चहा पाजला आणि धारेची वेळ झाली तशी म्हणाली, ‘बाई, तुमी हितं बाजंवर बसा. गोठ्यात वास येतो.’

‘वासासाठी नाही आले मी,’ म्हटलं आणि तिच्या मागोमाग गेले.

तिने मोबाईल लावला, खुंटीला अडकवला, बादली घेऊन बसली. खुंटीवरून मी बोलायला लागले. स्वतःचा आवाज इतका नाकातला आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाह्यबिंदूतून वर्तुळाला काढलेल्या दोन स्पर्शिकांचं प्रमेय चाललं होतं. मी पायरी म्हणायचे, थांबायचे, आणि त्या थांबण्यात ती धारेच्या तालावर तीच पायरी म्हणायची. ‘ओपी सामाईक कर्ण. ओए बरोबर ओबी. कर्णभुजा कसोटी.’ एकही चूक नाही. माझ्या हुशार वर्गांतसुद्धा असं म्हणणारी फार नव्हती. गायी निवांत रवंथ करत होत्या, त्यांनाही पाठ झालं असावं. मला अगदी भरून आलं.

धड्याच्या शेवटी खुंटीवरून माझा आवाज आला, ‘कळलं का?’

‘न्हाई,’ ती म्हणाली. मान वर न करता, रोजच्यासारखी. मी मागे उभी आहे हे ती विसरली होती. मग तिच्या ध्यानात आलं आणि तिने चटकन पदर तोंडाला लावला.

‘न्हाई म्हंजे, पाठ हाय समदं, बाई.’

‘ते ऐकलं मी. मग गेल्या वेळी कसं राहिलं?’

‘पेपरात चित्र उलटं दिल्तं. अक्षरं बी येगळी. मला कायबी वळखू येईना.’ ती हळूच म्हणाली. ‘तुमी बाह्यबिंदू म्हनता न, तो कुटं असतो तेच मला ठावं न्हाई. पुस्तकातलं चित्र बघती, पर तवा तुमी बोलत नसता. तुमी बोलता तवा हात हितं असत्यात.’

मला वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला. आलेख म्हणाला पोरं पळतात, तर मी बोलणं काढलं. हिने बोलणं मागितलं, तर चित्र सोडून नुसतं बोलणं धाडलं. किती वेळा त्या खुंटीने तिला कळलं का म्हणून विचारलं असेल आणि किती वेळा तिने खरं उत्तर दिलं असेल. तिचं ‘न्हाई’ ऐकायला तिथे कुणी नव्हतं. याही वेळी गणित राहिलं तर पुन्हा परीक्षेला बसायला घरचे नाही म्हणत होते, हे तिने मघाशी चहा गाळताना सांगितलं होतं.

‘चला, मग पुढे जाऊ,’ खुंटीवरचा माझा आवाज उत्साहाने म्हणाला.

मी हात वर करून तो बंद केला. गव्हाणीतली एक काडी घेतली आणि तिच्या बादलीशेजारी मातीत खाली बसले.

‘धार राहू दे जरा,’ म्हटलं. ‘इकडे बघ आणि सांग, कुठपासून नाही कळलं?’