नसलेलं बेट

संग्रहालयात सगळे त्यांना लगदेबुवा म्हणत. कागदाचा लगदा, सरस आणि लाकडाचा भुसा एवढ्या भांडवलावर हा गृहस्थ डायनासोरांचं अख्खं युग उभं करायचा. हाताला सरसाचा वास कायमचा आणि नाकाच्या शेंड्यावर राग कायमचा. रागाचं कारण एकच. आयुष्यभर मॉडेलं केली, पण एकाखालीही बुवांचं नाव नाही. पाटीवर संचालकांचं नाव, देणगीदारांचं नाव, गेल्या खेपेला तर काचा पुसण्याचा ठेका घेतलेल्या कंपनीचंसुद्धा. बुवांच्या नावाचं तेवढं पाटीला वावडं.

म्हणून बुवा चोरून सही करायचे. लगदा ओला असतानाच प्रत्येक डायनासोरच्या शेपटीखाली अंगठा दाबून ठेवायचे. हे गुपित फक्त बायकोला ठाऊक. नवं दालन बघायला आली की रखवालदाराची पाठ वळताच ती शेपटीखाली बोट फिरवायची आणि म्हणायची, "हं, आपलंच आहे."

निवृत्तीच्या वर्षी बुवांनी मोठा उठावाचा नकाशा हाती घेतला. डायनासोरांच्या काळातली पृथ्वी, खोलीभर पसरलेली. खंड नुकतेच एकमेकांपासून फुटून निघालेले, मध्ये उथळ समुद्र, काठाला नेच्यांची रानं. माहिती पुरवायच्या हाडांच्या बाई, म्हणजे जीवाश्म विभागाच्या प्रमुख. बाईंनी सांगितलं, त्या काळी गवत नव्हतं. बुवांनी कुरकुरत हिरवा भुसा खरवडून काढला. आणि संचालकांनी शब्द दिला, "या वेळी पाटीवर तुमचं नाव. आमच्या दोघांच्या खाली, पण नक्की."

उद्घाटनाच्या आधी मंत्री पाहणीला आले. नकाशाभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "यात आपला देश कुठाय?"

"समुद्राखाली," बाई म्हणाल्या.

"समुद्राखाली? कोणाच्या काळात?"

संचालकांनी घाईघाईने सावरून घेतलं. "आपल्या नाही, साहेब. आधीच्या."

"आधीच्यांनी बुडवला असेल. आता आम्ही आलोय ना? वर काढा, मग फीत कापतो."

"कोट्यवधी वर्षांपूर्वीचा समुद्र आहे तो. मी हटवणार नाही," बाईंनी ठणकावून सांगितलं.

उद्घाटन बारगळलं की पाटीही बारगळणार, आणि पुढच्या महिन्यात बुवा घरी बसणार. कोणी विचारलं नव्हतं, तरी तेच पुढे सरसावले. "छोटंसं बेट करतो, साहेब. लगेच वाळेल."

बेट झालं. मंत्र्यांच्या सूचनेवरून त्यावर एक गुबगुबीत डायनासोरही आला, भाषणाला उभा राहिल्यासारखा. बाईंनी पाटीवरून आपलं नाव काढायला लावलं. त्यांनी काढलं म्हटल्यावर संचालकांना पुढच्या भानगडीचा वास आला, त्यांनीही आपलं काढून घेतलं. उरलं एकच नाव, पितळी अक्षरांत, ठसठशीत. बुवांना वाटलं, देव पावला.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी, दालन उघडताच, बायको ठेवणीतले कपडे घालून आली. पाटी तिने दोनदा मोठ्याने वाचली. डोळे पुसले. मग भिंतीवरचा बाईंचा माहितीफलक वाचू लागली. तो बदलायचं कोणालाच सुचलं नव्हतं. 'या काळात आपला सगळा प्रदेश समुद्राखाली होता.'

"अहो, मग हे बेट कुठून आलं?"

"ते... लोकांना जरा बरं वाटतं."

तिने गुबगुबीत डायनासोरच्या शेपटीखाली बोट घातलं. पुन्हा फिरवलं.

"इथे अंगठा नाही."

"पितळेत नाव असताना अंगठा कशाला?" बुवा उगाच मोठ्याने हसले. खरं तर बेट केलं त्या दिवशी त्यांनी ओल्या लगद्यावर अंगठा टेकवला होता. दाबायला मात्र हात धजला नव्हता.

"मग हे आपलं नाही," ती म्हणाली आणि शांतपणे पलीकडच्या, बिनगवताच्या जमिनीवरच्या डायनासोरांकडे वळली. तिथून तिचा आवाज आला, "हं. हे आपलं."

दालनात माणसं येऊ लागली होती. बुवा पाटीला पाठ लावून उभे राहिले. आलेल्यांतली पहिलीच तरुणी म्हणाली, "जरा बाजूला होता का? नाव वाचायचंय." बुवांनी ऐकू न आल्यासारखं केलं आणि आणखी मागे सरकले.