यंत्रखोलीची बारी

एक वस्तू दहा जणांना भांडण न करता वापरता येते, यावर विश्वास ठेवणारा माणूस आमच्या हिंगोली जिल्ह्यात एकच असावा: आमच्या कॉलेजची यंत्रखोली सांभाळणारे सर. बाकी आम्हा सगळ्यांना सामाईक विहीर, दोन शेतांमधला सामाईक धुरा म्हटलं की पुढे कोर्टच आठवतं.

जीवशास्त्रात संशोधन करणाऱ्या आसपासच्या सगळ्या मुलांना मिळून चांगला सूक्ष्मदर्शक एकच. सरांनी त्याला सरळ विहिरीचा कायदा लावला होता. प्रत्येकाची बारी ठरलेली, आणि बारीत लाईट गेली की बारी गेली. कुणी कुरकुरलं तर म्हणत, "बारी पाळतो तो भाऊ, मोडते ती भावकी!" चपला बाहेर, हात धुतलेले. माझं काम हळदीच्या कंदकुजीवर, त्यामुळे माझी बोटं तर ते दारातच उलटीपालटी करून तपासत. ज्यांना आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावहून रोज येणं जमत नसे, त्यांच्यासाठी सरांनी मोबाईलवर धडे करून ठेवले होते. ते घरीच केलेले, स्वयंपाकघराला लागून, म्हणून पेशीविभाजनाच्या धड्यात मागे कुकर वाजतो. तिसऱ्या शिट्टीला गुणसूत्रं मधल्या रेषेवर येतात, सरांच्या घरच्या काकू गॅस बंद करतात आणि मग ती दोन टोकांकडे निघतात. आम्ही सगळे ते असंच शिकलो आणि कुणीही ते विसरलेलं नाही.

साखरा गावातल्या आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मीच पहिली. महिनाभर जपलेल्या माझ्या बुरशीने एकदाचे बीजाणू धरले. त्यांचे फोटो मिळाले तरच प्रबंध पुढे जाणार होता. शनिवारी माझी बारी. काचपट्टी लावली, डोळा टेकवला आणि लाईट गेली. आली तेव्हा पुसेगावच्या मुलाची बारी सुरू झालेली. त्याने मान खाली घातली, पण उठला नाही. त्याचंही काम अडलेलंच होतं.

व्हरांड्यात सरांनी मला गाठलं. "काहून रडून राहिली, माय?"

"सर, सोमवारपर्यंत ही बुरशी टिकायची न्हाई. सगळं पहिल्यापासून करावं लागंल."

"मग उद्याची बारी घे."

"उद्या रविवार. रविवारी कुणाची बारी असती?"

"माझी," सर म्हणाले, आणि वर लगेच दटावलं, "हात धुऊन ये म्हंजे झालं."

सरांचंही काही संशोधन चालू आहे, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. ते दगडफुलाचा अभ्यास करत होते. आठवडाभर आमचं उरकून देऊन रविवारी तेवढं स्वतःचं बघत.

दुसऱ्या दिवशी लाईट गेली नाही. फोटो असे निघाले की मला हसूच आवरेना. सर बाहेर बाकावर कागदाची पुडी घेऊन बसलेले. मी म्हटलं, "सर, माझं झालं. या तुमी."

"अजून दोन-चार काढून ठेव, पुन्हा तकलीफ नको. माझं दगडफूल कुठं नासतंय? वाळलं तरी पाणी शिंपडलं की उठून बसतंय."

मी पुन्हा आत गेले. खिडकीतून दिसलं, सरांनी पुडी उघडली होती आणि एकेक तुकडा उन्हात धरून ते नुसत्या डोळ्यांनी न्याहाळत होते.