आधी ताप, मग मासळी

ती पाचूबंदरहून भुईगावात मासळी विकायला यायची. डोक्यावरची पाटी उतरवण्याआधीच विचारायची, "घरात कोन आजारी हाय?" मग कुठल्या आळीत हगवण, कुठे हिवताप, ते सांगत बसायची. हेच ती वैद्यबुवांना सांगे आणि चर्चच्या दवाखान्यातल्या सिस्टरलाही, कारण ती दोघं एकमेकांशी बोलत नसत.

माझ्या सासूबाई चिडायच्या. "घरातलं दुखणं गावभर कशाला?"

"गाव सावध व्हईल, बाय," म्हणत ती दोन बोंबील जास्त टाकी.

मला ती जरा आगाऊच वाटायची, पण आली नाही तर चुकल्यासारखं व्हायचं.

एकदा ती पाटीशिवाय आली आणि रस्त्याच्या पलीकडेच थांबली.

"माझ्या नातवाला देवी आल्यात. माझ्याकडची मासळी कोनी घेऊ नका. समदे टोचून घ्या!"

हेच ओरडत ती प्रत्येक फाटकासमोर थांबली. गिऱ्हाईक तोडायला एवढं कोण चालत येतं?

माझ्या धाकट्या लेकीचा ताप सासूबाईंनी दोन दिवस दडवला होता. त्या ओट्यावर आल्या आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आमच्याकडेही ताप आहे गो! सिस्टरला सांग!"