वायफायच्या नावात न मावलेले शिवादादा

डिलाईल रोडवरील चाळींत शिवा घाडी यांची ओळख प्रथम त्यांच्या आवाजावरून होत असे. गणेशोत्सवात मंडळाच्या ध्वनिक्षेपकावरून रांगेची शिस्त राखणे आणि हरवलेल्या मुलाला त्याच्या आईपर्यंत पोहोचवणे ही कामे त्यांनी तरुणपणापासून केली. गिरणीत ते साचेवाले होते, म्हणजे कापडाचे माग चालवीत. गिरणी बंद पडल्यावर एका कचेरीत लिफ्टमन झाले. नोकरी बदलली, पण भाद्रपदात रजा काढून माईकपाशी उभे राहण्याचा नेम त्यांनी मोडला नाही. दरडावणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. "पिवळ्या साडीतल्या ताई, घाई नको, बाप्पा कुठे जात नाहीत," असे ते म्हणत, आणि ताईही हसून मागे सरत.

पुढे घशाच्या कर्करोगात त्यांचे स्वरयंत्र काढावे लागले. दुसऱ्या एखाद्याने कागद-पेन्सिलीवर भागवले असते. शिवादादांना ती सोय नव्हती, कारण काचबिंदूने पत्नी रखमाबाईंची दृष्टी जवळजवळ नेली होती. त्यांनी लिहावे आणि तिने वाचावे, हा मार्गच बंद होता. तेव्हा साठी उलटलेल्या या गृहस्थांनी टॅबलेटवर टंकन शिकून घेतले. टंकलेले वाक्य तो टॅबलेट मोठ्याने बोलून दाखवी. त्यातला मराठी आवाज तेवढा एका तरुणीचा होता. तो पहिल्यांदा ऐकून रखमाबाई आपल्या मालवणीत म्हणाल्या, "म्हातारपणी सवत आणलात घरात. ती बोलता मात्र गोड." अशा रीतीने त्या खोलीतला संवाद पुन्हा सुरू झाला.

यंदा मंडळाने चाळीत मोफत वायफाय बसवले आणि त्याला दादांचे नाव दिले. उद्घाटनाला शाल-श्रीफळ झाले. फलकावर शोभावे तसे बिरुद हवे, म्हणून सचिव निलेशने वायफायचे पूर्ण नाव जाहीर केले: "स्वरसम्राट शिवादादा घाडी." दादा संकोचले, पण सुखावलेही.

त्याच संध्याकाळपासून टॅबलेट घरात शब्द उच्चारता उच्चारता बंद पडू लागला. पुन्हा सुरू करावा, तर पुन्हा तेच. अंधूक प्रकाशात बसलेल्या रखमाबाई विचारीत, "बोला मां. रागावलात काय माज्यावर?" दादा त्यांचा हात हाती घेऊन नुसता थोपटीत. त्याहून अधिक काही सांगणे त्यांच्या हाती राहिले नव्हते.

दादरच्या दुरुस्तीवाल्याकडे टॅबलेट खणखणीत बोलला. "आजोबा, मशीन ओके आहे," म्हणून त्याने तो परत केला. दादांनी त्याच्याशी वाद घातला नाही. साच्यावर धागा वारंवार तुटू लागला की गाठी मारीत बसायचे नाही, तो कुठे घासतो आहे ते शोधायचे, ही त्यांची जुनी रीत होती. वरळीला बहिणीकडे तिच्या वायफायवर त्यांनी टॅबलेट तासभर बोलता ठेवला. काही बिघडले नाही. चाळीच्या फाटकातून आत पाऊल टाकले आणि तो मिटला. हे सारे त्यांनी कागदावर लिहून वरच्या मजल्यावरील ऋताला दिले. ऋता एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होती आणि दादांचा टॅबलेट तिच्याच वायफायवर चाले.

"दादा, अर्धं काम तुम्हीच केलंत," ती म्हणाली. लॅपटॉप घेऊन ती फाटकाशी उभी राहिली आणि थोड्या वेळाने हसत परत आली.

"वायफायच्या नावाला यंत्र ठरावीकच जागा देतं, आणि आपल्या देवनागरीला इंग्रजीच्या तिप्पट जागा लागते. 'स्वरसम्राट' लिहिता लिहिताच जागा संपली. पुढे 'शिवादादा'तल्या पहिल्या अक्षराचा एक तुकडा आत शिरला, बाकी कापलं गेलं. तो तुकडा म्हणजे धड कुठलंच अक्षर नाही. आमचे फोन तिथे चौकोन दाखवून पुढे जातात. तुमचा बोलणारा प्रोग्राम जुना आहे. तो आसपासच्या सगळ्या वायफायची नावं वाचतो, त्या तुकड्याशी अडतो आणि कोसळतो."

दादांनी लिहिले, "म्हणजे माझं नाव त्यात नाहीच?"

"नाही. तुमचा तुकडा आहे."

दादा आवाजावाचून खांदे हलवीत हसले.

ऋताने प्रोग्राम बनवणाऱ्यांना कळवले. उत्तर आले नाही. टॅबलेटचे वायफाय बंद ठेवावे, तर मराठी आवाज इंटरनेटवरूनच येई. उरला एकच उपाय: नाव बदलणे. प्रेमाने दिलेला मान परत घ्या, असे पोरांना सांगणे दादांना फार जड गेले. ऋता म्हणाली, "मी बोलते." त्यांनी मान हलवून नकार दिला.

मंडळाच्या बैठकीत दादांनी लिहून आणलेली विनंती वाचून निलेश म्हणाला, "दादा, बाकी कुणाचाच फोन बंद पडत नाही. नाव काढलं तर लोक म्हणतील, दादा मंडळावर रुसले."

खजिनदार हितेंद्र पुटपुटला, "मग शालपण परत देणार काय?"

दादांनी खुणेने मंडळाचे वायफाय बंद करायला लावले. मग ऋताच्या वायफायवर टॅबलेट बोलला: "मुलांनो, तुम्ही दिलेला मान मी घरी नेला, तो माझ्याजवळच राहील. आता बटण चालू करा. मी रखमाशी रोज कसा बोलतो, ते ऐका."

निलेशने बटण दाबले. दादांनी सावकाश टंकले. "रखमा, तुझ्या डोळ्यांत औषध घालाय..." एवढे बोलून पडदा काळा झाला. दादांनी कोणाकडे रोखून पाहिले नाही. सदऱ्याच्या टोकाने त्यांनी काच पुसली आणि टॅबलेट मांडीवर ठेवला.

निलेशने स्वतःचा फोन काढून नाव पुसले आणि तेथे फक्त चाळीचा क्रमांक घातला.

"मागे फुलाचा एखादा इमोजी टाकू या का? छोटंसं," हितेंद्र म्हणाला.

"गप रे," निलेश म्हणाला.

दादा घरी आले तेव्हा रखमाबाई खिडकीशी बसल्या होत्या. दादांनी टॅबलेट उघडला आणि इतक्या दिवसांचे साठलेले सांगायला घेतले: पोरांचा मान, अडकलेला तुकडा, आणि आपण तिच्यावर कधीच रागावलो नव्हतो, हेही. रखमाबाईंनी सारे शेवटपर्यंत ऐकून घेतले. डोळ्यांना पदर लावला. मग विचारले, "आनि पोरांचे आभार मानलात?"

दादांनी एकच शब्द टंकला. "राहिलं," टॅबलेट म्हणाला.

"मग आदी ता करा. जेवाक मागसून वाढतंय."

दादा टॅबलेट घेऊन गॅलरीत गेले, त्यांनी आवाज पूर्ण मोठा केला आणि खाली अजून घुटमळणाऱ्या पोरांना, एकेकाचे नाव घेऊन, हाक मारली.