भोरड्यांच्या माहेरी

लग्न होऊन मी वणी रस्त्यावरच्या ज्या घरात आले, तिथं द्राक्षबाग होती आणि बागेतलं माझं पहिलं काम होतं पाखरं हाकलण्याचं. द्राक्षात साखर भरायला लागली की भोरड्यांचे थवे उतरायचे. साळुंकीएवढा पक्षी; डोकं आणि पंख काळे, बाकी अंग मळकट गुलाबी. मी पत्र्याचा डबा बडवत ओळींमधून फिरायचे. थवा उठायचा, चादर झटकावी तसा आभाळात वळायचा आणि शेजारच्या बागेत जाऊन बसायचा. मग तिकडची बाई डबा वाजवायची. राग यायचाच. पण एवढी पाखरं एका क्षणी वळतात आणि एकमेकांवर आपटत नाहीत, हे बघताना डबा वाजवायचं भानच राहायचं नाही.

पुढं बागेवर जाळी आली, मुलीच्या शाळेसाठी आम्ही नाशकात राहायला गेलो आणि मला पक्षी बघायचा नाद लागला. दुर्बीण घेतली. थंडीत सुटीच्या दिवशी नांदूर मध्यमेश्वरला जाऊन बदकं बघायची. तिथंच कुणाकडून तरी कळलं, की भोरड्या आपल्याकडं फक्त हिवाळा काढतात. घरटी करतात त्या कझाकस्तानच्या माळांवर, मे महिन्यात. आणि तिथले लोक त्यांची वाट बघतात, कारण पिकावर येणारे टोळ त्या फस्त करतात.

वाट बघतात! हे काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये द्राक्षाचा माल निघाला, वेलींची खरड छाटणी उरकली. मी आणि हे बागेतल्या घरी मुक्कामाला होतो. संध्याकाळी बांधावरच्या पिंपळावर भोरड्यांचा नुसता कलकलाट चालला होता. सकाळी उठून बघते तर पिंपळ गप्प.

"गेल्या एकदाच्या," हे म्हणाले.

"मीपण जाते."

"कुठं?"

"त्यांच्यामागं."

ते हसले. मी हसत नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "अगं, तिथली भाषा येत नाय, ओळखीचं माणूस नाय. करशील काय तिथं?"

"पाखरं बघीन."

"मग इथं काय दिसत नव्हती?"

"इथं ती कायम घाईत असतात."

त्यांनी कप उचलून उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "थंडी असल तिकडं. माझं जाड जाकीट घेऊन जा."

मुलगी परदेशात असताना तिच्या बाळंतपणासाठी काढलेला माझा पासपोर्ट कोराच पडून होता, कारण शेवटी तीच बाळंतपणाला इकडं आली. थोड्या दिवसांसाठी जायचं तर व्हिसाही लागत नव्हता. मुलीनं फोनवर शोधून एका खेड्यातल्या घरात खोली ठरवून दिली. मे उजाडला आणि मी दिल्लीहून अल्माटीच्या विमानात बसले. एवढ्या लांब एकटी मी पहिल्यांदाच निघाले होते.

घर होतं एका सत्तरीच्या बाईंचं. तिकडं वडीलधाऱ्या बाईला 'आपा' म्हणतात, म्हणून मीही आपाच म्हणू लागले. रुंद खांदे, फुलाफुलांचा रुमाल डोक्याला घट्ट बांधलेला. तरुणपणी त्या सरकारी शेतावर ट्रॅक्टर चालवायच्या. आमचं बोलणं फोनवरच्या भाषांतरातून चालायचं. त्या त्यांच्या भाषेत बोलायच्या आणि फोनमधली बाई मला सांगायची, "आदरणीय पाहुणी, आपण दुग्धयुक्त चहा प्राशन कराल काय?" मला हसू आवरायचं नाही. मी का हसते म्हणून आपाही हसायच्या. मी आमच्या बागेतले बेदाणे नेले होते. पुडी उघडताच त्या ओरडल्या, "किशमिश!" तेवढ्या शब्दाला फोन लागला नाही.

पण भोरड्या कुठं होत्या? मी गेले आणि पाऊस सुरू झाला. गार वारा असा, की यांचं जाकीटही पुरेना. गावाबाहेर मेंढ्यांच्या पडक्या वाड्याचे दगड होते, त्याशेजारी गावकऱ्यांनी मुद्दाम रचलेले दगडांचे मोठे ढीग. घरटी तिथंच होतात, आपा म्हणाल्या. रोज मी तिथं जाऊन बसायचे. समोर लाल खसखशीच्या फुलांनी भरलेला माळ, लांबवर बर्फाचे डोंगर, चंडोल गात वर चढतायत, पण दगड मात्र रिकामे. एवढ्या लांब येऊन हात हलवत परत जायची वेळ येणार, असं वाटू लागलं.

"येतील," आपा म्हणाल्या. एका वर्षी भोरड्यांना उशीर झाला होता. टोळांची पिल्लं गव्हाच्या कडेपर्यंत आली, जमीन हलतेय असं दिसायचं. मोठी माणसंसुद्धा माळावर जाऊन आभाळाकडं बघत उभी राहायची. "आणि मग आल्या. आठवड्यात शेत साफ. माझी आई त्या दिवशी रडली होती."

एका सकाळी ऊन पडलं. मी चहा घेत होते आणि बाहेरून आपांची हाक आली. फोन आत राहिला होता, पण गरज नव्हती. त्या अंगणात उभ्या राहून दोन्ही हात वर करून दाखवत होत्या. दक्षिणेकडून थवा येत होता, तसाच वळत, तसाच झटकल्यासारखा. आम्ही दोघी दगडांकडं जवळजवळ पळतच गेलो.

आणि काय रंग होता तो! आमच्याकडचा मळका गुलाबी कुठल्या कुठं गेला होता. अंग स्वच्छ, उजळ गुलाबी, काळ्या पंखांवर जांभळी झाक. नर डोक्यावरचा तुरा फुलवून, गळ्याची पिसं थरथरवत गात होते. एकेका फटीसाठी भांडणं चालली होती. एकीनं गवताची काडी आणली, ती दुसऱ्यानं पळवली, तर ती तोंड फिरवून दुसरी आणायला गेली. हीच पाखरं मी इतकी वर्षं बघत आले होते, पण गाताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मी तिथंच गवतात बसले. दुपार झाली तरी उठवेना.

संध्याकाळी मी आपांना सांगितलं, की आमच्याकडं आम्ही भोरड्यांना डबे वाजवून हाकलतो. फोनमधल्या बाईनं ते गंभीरपणे सांगितलं. आपांनी गुडघ्यावर थाप मारली. "बरं करता! नाहीतर इकडं परत कशाला आल्या असत्या?" मग अंगणातल्या तुतीकडं बोट दाखवून म्हणाल्या, तुती पिकली की वरची फळं पाखरांची, खालची आमची, शिडीवर चढायचं आता वयही राहिलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी दगडांजवळून यांना व्हिडिओ कॉल लावला. हे बागेत होते, मागं पाण्याची मोटार चालू होती. मी फोन ढिगाकडं वळवला. एक नर अगदी जवळच्या दगडावर तुरा फुलवून गात होता.

"ह्याच का त्या?" यांनी विचारलं.

"ह्याच."

"लय देखणी हायेत गं." त्यांनी कुणाला तरी मोटार बंद करायला सांगितली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तू बोलू नको आता. फोन धर तसाच."

हात भरून आला, तरी मी धरून राहिले.