रडणारी मुले बाहेर न्यावीत

अन्याय माझ्या बायकोवर झाला. सन चौतीस, सुगीच्या सणाआधीचा रविवार, सकाळचे साडेनऊ. पहिलं गीत संपलं होतं, पाळकांनी प्रार्थनेसाठी डोळे मिटायला सांगितलं होतं आणि आमची सात महिन्यांची लेक रडली. आमच्या ख्रिस्ती मंडळीचा कारभार पाहणारे एक आबा पुढच्या बाकावर होते. त्यांनी मागं न बघता हात दाराकडं केला. बायको सतरंजीवरून उठली, पोर खांद्यावर टाकली आणि बाहेर गेली.

त्यानंतरचे कितीतरी रविवार ती बाहेरच होती. कुठं? तर जिथं भिंतीवर लेकरांना मांडीवर घेतलेल्या प्रभूचं चित्र टांगलंय, त्या देवघराच्या दारात!

बारामतीला कालव्याजवळ आमचं हे पत्र्याचं देवघर. आठवडाभर शाळा, रविवारी उपासना. शाळेत मी मास्तर. सुट्टी मिळाली की पुण्याहून छापून आणलेली पत्रकं घेऊन इंदापूरच्या बाजारात उभा राहायचो. दारूवर, शिवाशिवीवर, स्त्रियांच्या शिक्षणावर. घसा बसेपर्यंत बोलायचो. आणि माझ्या घरातली स्त्री रविवारी कुठं बसते, हे मला दिसत नव्हतं. मी आत, पुरुषांच्या बाजूला, चांगला डोळे मिटून बसलेला असायचो.

बायको कोऱ्हाळ्याची. तिच्या माहेरच्या सगळ्या घरानं एकदमच बाप्तिस्मा घेतला होता. पण प्रभूच्या मेजाची भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा, तर आधी मंडळीसमोर उभं राहून धर्माच्या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. त्याची शिकवणी उपासनेनंतर तिथंच व्हायची. पोर रडायची, शिकवणीही बुडायची. ईस्टरच्या आधी इंदापूरचे थोरले पाळक परीक्षेला येणार होते. ती संधी हुकली की वर्ष गेलं.

"वर्षाचं न्हाय वो मला," ती एकदा भाकरी थापता थापता म्हणाली. "उद्या ही पोर इचारंल, आये, येसूनं काय केलं? म्या काय सांगू? मी भाईर हुते म्हनून?"

थंडीचे दिवस होते. एका रविवारी उपासना सुटल्यावर मी तिला घ्यायला दारात गेलो. लेक तिच्या मांडीवर झोपली होती. दाराशेजारी एक कागद डकवलेला होता, त्याच्याकडं बघत ती म्हणाली, "अवो, ह्यो कागद काय म्हनतो? दर रविवारी ह्याच्याच म्होरं बसते, पन मला कुठं वाचाय येतंय!"

मी वाचलं. "उपासनेत शांतता राखावी. रडणारी मुले बाहेर न्यावीत." खाली 'चिटणीस, तरुण मंडळ'.

"अक्षर लई बेस हाय," ती म्हणाली. "कुनाचं?"

"माझं."

लग्नाआधीचा कागद तो. बोरूनं, रेघा मारून, मोठ्या हौसेनं लिहिलेला. मला वाटलं, ती रडेल. ती इतकी हसली की लेक दचकून जागी झाली. "मंग बराबर हाय! चिटनिसानं पयली सवताची बायकूच भाईर काढली!"

मी कागद फाडला आणि तसाच आबांशी भांडायला गेलो. ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, कायदा तुमचाच. आता पोर बी तुमचंच निघालं, म्हनून कायदा वंगाळ झाला व्हय?"

मी कागदाचे तुकडे खिशात घातले आणि घरी आलो.

कागद गेला तरी बायको आत येईना. तिला लाज वाटायची. शेवटी हे काम मंडळीतल्या बायांनी केलं. त्यांची पुढारी आमची बायबलबाई, खेडोपाडी फिरून बायकांना शुभवर्तमान सांगणारी साठीतली विधवा. ती बायकोला घेऊन कालव्यावर धुणं धुणाऱ्या बायांत जाऊन बसली आणि एकेकीला एकेक प्रश्न वाटून दिला. हिनं हा शिकवायचा, तिनं तो. धोपटण्याच्या ठेक्यावर परीक्षा चालली.

"सांग गं, पाप म्हंजी काय?"

"तुज्या मालकाची कुडती! कितीबी आपट, मळ निगतोय का?"

"ए, नीट सांग. देव ऐकतुया."

"ऐकू दे की. त्यालाबी ठावं हाय ती कुडती."

आणि रविवारी त्यांनी बायकोला हाताला धरून आत आणलं, मधोमध बसवलं. लेक कुरकुरली की एकीच्या मांडीवरून दुसरीच्या मांडीवर जायची. उपदेश संपेपर्यंत सतरंजीच्या पार दुसऱ्या टोकाला पोचलेली असायची, कुणाचा तरी पदर मुठीत धरून गाढ झोपलेली. कुणाकडं गूळ असायचा, कुणाकडं शेंगदाण्याच्या कुटाची चिमूट. आमच्या लेकीला आया किती, असं कुणी विचारलं असतं, तर मला नेमकं सांगता आलं नसतं.

परीक्षेचा दिवस आला. थोरले पाळक इंदापुराहून मोटारीनं आले. आणि नेमके लेकीचे दात येत होते. अंग कोमट, डोळे लाल. बायकोचं नाव पुकारलं तेव्हा लेकीनं आईच्या गळ्याला जी मिठी मारली, ती सुटेना. बायबलबाईनं हात पुढं केले, तर जास्तच किंचाळली. बायको उभी, पाळक थांबलेले. मग बायकोनं स्वतःच दाराकडं बघितलं.

मी उठलो. पुरुषांची बाजू सोडून बायांच्या सतरंजीवर गेलो आणि पोर ओढून घेतली.

"काय मास्तर," मागून कुणीतरी म्हणालं, "आता पाळना बी तुमीच म्हननार काय?"

पुरुष हसले.

"म्हननार," मी म्हणालो आणि बाहेर गेलो.

बाहेर लिंबाखाली येरझाऱ्या घातल्या. लेकीनं माझ्या खिशातलं पत्रक ओढलं आणि त्याचा कोपरा हिरड्यांखाली धरला, तेव्हा कुठं तिला बरं वाटलं. खिडकीतून बायकोची पाठ दिसत होती, डोक्यावरचा पदर दिसत होता. ती काहीतरी बोलत होती. सतरंजीवरच्या बायांच्या माना एकसारख्या हलत होत्या. मला एक शब्द ऐकू आला नाही. पाव तासात मी चिडलो. ती किती महिने अशी बसली होती!

सुटल्यावर बायबलबाई धावत आली. "मास्तर, इचारलं देव कुठं हाय. तर म्हनली, हितं बी हाय आन दाराच्या भाईर बी हाय, म्या बगितलाय!"

"पुस्तकात 'सर्वत्र' हाय," आबा म्हणाले. "दाराचं नाव न्हाय त्यात." पण थोरल्या पाळकांनी तिला मान्य केलं होतं.

वाटेत मी बायकोला म्हटलं, "मला सांग ना, काय काय म्हणालीस?"

"एकदाच सांगतात ते," ती म्हणाली. "तुमी नव्हता, त्याला मी काय करू?" आणि लेकीला माझ्याकडून घेऊन तिनं तिचा कोमट गाल चाटूनपुसून काढावा तसे मुके घेतले.

ईस्टरला ती प्रभूच्या मेजाला बसली. लेकीला काय सांगायचं, ते आता ती सांगते. मी ऐकतो.

वाचणाऱ्या भावा, येत्या रविवारी तुझ्या मंडळीत एखादं पोर रडेल. त्याची आई अंग चोरून उठायला लागेल. तिच्या आधी तू ऊठ. सतरंजी ओलांड, पोर घे आणि तू बाहेर जा. हसणारे हसतील. तिला आत बसू दे. याच रविवारी.