आवकबाबूंचं बाहेरचं टेबल

पाकिटावर काय लिहिलंय, यावर आवकबाबूंचा काडीचा विश्वास नव्हता. मानोऱ्याच्या आमच्या संस्थेत येणारा प्रत्येक कागद आधी त्यांच्या हातून जायचा, म्हणून हे नाव. खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. जावयाने ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलेला मिठाईचा डबासुद्धा त्यांनी सगळ्यांसमोर उघडून तपासला होता. "वरून काय लिवलं ते पाठवणाऱ्याचं म्हणनं हाये," ते म्हणत. "आत काय हाये ते आपुन पाहू."

दुसरा हट्ट बाहेरच्या टेबलाचा. व्हरांड्यातल्या त्या टेबलावर सगळं टपाल थांबायचं. बाबू ते उघडणार, वाचणार, त्यावर आपला क्रमांक घालणार, मगच ते आत येणार. एकदा अध्यक्षांनी घाईत एक पाकीट थेट आतल्या कपाटात ठेवलं, तर बाबूंनी ते मुकाट्याने परत बाहेर नेलं. अध्यक्षांनी हसण्यावारी नेलं, मी असते तर चिडले असते.

आणि चिडलेच. संस्थेचं हंगामी वसतिगृह होतं. आईबाप ऊसतोडीला गेले की तांड्यांवरची मुलं तिथे राहून शाळा शिकत. त्याचे अर्ज ऑनलाइन घ्यायचं ठरलं आणि वेबसाइट माझ्याकडे आली. मंगरूळपीरहून रोज येणारी मी, नवी पदवी, भलतीच घमेंड.

बाबूंनी चष्मा सावरून विचारलं, "पोरी, लोकायनं पाठवलेले फोटो, कागद जाते कुठं?"

"थेट वेबसाइटच्या फोल्डरात."

"मंग बाहेरचं टेबल कुठं हाये?"

"काका, कॉम्प्युटरला टेबल लागत नाही."

"त्याले लागत नसन, मले लागते. अन् कोनं फोटोच्या जागी भलतंच काही पाठवलं त?"

"फॉर्म फक्त फोटो आणि पीडीएफच घेतो," मी ठणकावून सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. ती तपासणी पाठवणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये व्हायची. ज्याला येतं तो ती सहज टाळू शकत होता. आमच्या सर्व्हरवर मी काहीच तपासत नव्हते. करू नंतर, असं म्हणून ठेवून दिलं होतं.

टेबलाशिवाय बाबू वेबसाइट सुरू करायच्या कागदावर सही करेनात. शेवटी मी वैतागून वेबसाइटच्या बाहेर एक वेगळं फोल्डर केलं. आलेली फाइल तिथे पडून राहणार, इंटरनेटवरून तिथे कुणीच पोचणार नाही. बाबूंनी उघडून क्रमांक दिला की मगच ती आत. निव्वळ म्हाताऱ्याची समजूत घालायला केलेलं काम होतं ते.

प्रवेशाची यादी लागायच्या आठवड्यात ऊसतोडीला नेणाऱ्या गाड्या तांड्यांवर येऊन उभ्या होत्या. यादीत नाव असेल तर मूल शाळेत राहणार, नाही तर आईबापाबरोबर उसाच्या फडात जाणार. तेवढ्यात बाबूंची हाक आली, "हे पाय, हा फोटो उघडून नाई राह्यला."

नाव फोटोचं, पण शेवटची अक्षरं प्रोग्रामची. उघडून पाहिलं तर आत चेहरा नव्हता, कोड होता. ती फाइल वेबसाइटच्या फोल्डरात पडली असती, तर पाठवणाऱ्याने फक्त तिचा पत्ता उघडायचा होता, की तो कोड आमच्या सर्व्हरवर चालू झाला असता. मुलांचे कागद, घरचे पत्ते, यादी, सगळं त्याच्या ताब्यात. मी सर्व्हरच्या नोंदी पाहिल्या. त्याने आपली फाइल चार वेळा शोधली होती आणि चारही वेळा 'सापडली नाही' हेच उत्तर त्याला मिळालं होतं. मला रडू फुटलं.

"अवं, रडून काहून राह्यली? आत त नाई ना गेलं?"

"नाही काका. पण चूक माझीच. फॉर्म काहीही घेत होता."

"मंग आता घेऊ देऊ नको," म्हणत त्यांनी पाण्याचा गिलास पुढे केला.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. त्याच दिवशी मी सर्व्हरलाच प्रत्येक फाइल आतून तपासायला लावली, आणि यादी वेळेवर लागली. पुढच्या वर्षी बाबू निवृत्त होऊन कामरगावला गेले. गेल्या वर्षी तिथेच वारले.

यादी लागली त्या दुपारी एक बाई मुलीला सोडायला आली होती. गाडीचा हॉर्न वाजला तशी ती बाबूंना म्हणाली, "पोरगी तुमच्यापाशी ठेवून चालली, बाबू. ध्यान ठेवजा."

"ठेवतो," बाबू म्हणाले.

मी शेजारीच उभी होते. ती माझ्याकडेही बघून हसली, आणि मला तिच्याकडे बघता आलं.